लेडीज रूममधले दोन पुरुष

आमच्या स्टुडिओत दोन खोल्या आहेत. पुढची सगळ्यांची. मागची फक्त बायकांची, आणि तिथे कॅमेऱ्यामागे मी. मागच्या खोलीला खिडकी नाही. दाराला आतून कडी आणि त्यावर जाड पडदा. आत आलेली बाई आधी डोक्यावरचं सोडते, पिना काढून माझ्या हातात देते आणि मग खुर्चीवर बसते. घरच्यांशिवाय कोणी न पाहिलेला चेहरा मी बघते. बहारीनमध्ये बाई फोटोग्राफर कशाला लागते, असं माझी मुंबईची भाची विचारते, तिला हे उत्तर.

मी काही शिकून फोटोग्राफर झालेली नाही. मी गुहागरकडची. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न झालं आणि इकडे आले. ह्यांची नोकरी मीना सलमान बंदरात, बोटी दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये. आमच्या वरच्या मजल्यावर हमीदभाई राहायचे, श्रीवर्धनचे. उम्म अल हस्सम भागातला हा स्टुडिओ त्यांचा. एकदा आमच्याकडे चहाला आले असताना म्हणाले, "भाभी, भरलेला ट्रे घेऊन आलात, एक थेंब बशीत नाही. हात स्थिर आहे तुमचा. कॅमेरा धराल का? बायका माझ्यासमोर बसत नाहीत, रोज कोणी ना कोणी परत जातं." ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, बघ जमतंय का. एवढीच माझी मुलाखत.

नवख्या माणसाला वाटतं, फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं. बटण शेवटी येतं हो. आधी उजेड. आयडी कार्डाच्या फोटोला दोन्ही बाजूंनी सारखा उजेड लागतो, नाकाची सावली गालावर पडलेली चालत नाही, हसलेलंही चालत नाही. म्हणजे एखाद्याचा चेहरा जेवढा कमी त्याच्यासारखा दिसेल तेवढा तो फोटो पक्का. पण घरात लावायचा फोटो असेल तर सगळं उलट. तिथे सावली लागते. वयस्कर बाई असेल तर मी कॅमेरा तिच्या डोळ्यांपेक्षा जरा वर घेते, मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवते, म्हणजे डोळ्यांखाली उजेड जातो. आणि मग विचारते, आज जेवायला काय केलंत. ती सांगायला लागते. सांगून संपतं आणि ओठ मिटायच्या आत जो क्षण असतो, तो मी घेते. हे मला कोणी शिकवलं नाही. करून करून आलं.

या खुर्चीसमोर उभं राहून कळलेली आणखी एक गोष्ट सांगते. बाई स्टुडिओत कधी येते? साखरपुड्याला, लग्नाला, बाळ झालं की, बाळ शाळेत जायला लागलं की. मग हळूहळू ती कडेला सरकते. मग ती दुसऱ्यांना घेऊन येते, त्यांच्या ओढण्या नीट करते, "ताठ बस" म्हणते आणि चौकटीबाहेर उभी राहते. पन्नाशीनंतर तिचा फोटो फक्त सरकारला लागतो. आमच्याकडे एक बँकेतली अधिकारी बाई यायची, पुण्याची, हुशार. म्हणाली, सुरकुत्या काढून टाका, मोठ्या पोस्टसाठी फोटो द्यायचाय. मी म्हटलं, का? तर म्हणाली, मीटिंगमध्ये मी बोलले की सगळे माझं बोलणं संपायची वाट बघतात, तेच पाच मिनिटांनी एखादा तरणा मुलगा बोलला की लिहून घेतात. सुरकुत्या काढून त्यावर काय उपाय होणार, मला कळेना. पण काढल्या. पूर्वी आम्ही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून काढायचो. आता हमीदभाईंचा मुलगा अनीस दुकान बघतो, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये त्याचं एक बटणच आहे. ते दाबलं की बाई गुळगुळीत होते. त्या फोटोने ती पोस्ट मिळाली की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही.

मग नलूताई गेली. नलूताई म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधल्या इंजिनिअरसाहेबांची बायको. इथल्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, मसालेभात नलूताईचा. गेली अचानक. साहेब आणि मुलगी फोन घेऊन माझ्याकडे आले, भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. वाढदिवस, गणपती, कोणाकोणाच्या मुंजी, समुद्रावरची सहल. सगळीकडे नलूताई होती आणि कुठेच नव्हती. कोपर होतं. झारा धरलेला हात होता. केक कापणाऱ्या नातवाच्या मागे अर्धा अंबाडा होता. मुलगी इंग्लिश शाळेत शिकलेली, मराठी कळतं पण बोलत नाही. ती सारखी म्हणत होती, "बट आई वॉज ऑलवेज देअर." साहेब म्हणाले, अहो, फोटो काढायची तीच ना. शेवटी आमच्याच जुन्या फायलींत तिचा आयडी कार्डाचा फोटो निघाला. कान दिसणारा, न हसणारा, पांढरा पडदा मागे. तोच मोठा केला. आजही त्यांच्या भिंतीवर हाराखाली तोच आहे. सरकारने मागितला होता म्हणून एवढा एक चेहरा उरला.

त्यानंतर मी माझी एक पद्धत पाडून घेतली. वय झालेली बाई आयडीच्या फोटोला आली की तो झाल्यावर मी म्हणते, उठू नका, आता एक तुमच्यासाठी. पैसे नाहीत. बऱ्याच जणी हात झटकतात. "आता कशाला? भिंतीवर टांगायला?" आपल्याकडे एकट्या म्हाताऱ्या माणसाचा चांगला फोटो म्हणजे मरणाची तयारी वाटते लोकांना. मी म्हणते, नाही, तुम्ही अजून आहात म्हणून. अनीस कुरकुरतो. "आंटी, बाहेर गिऱ्हाईक थांबलंय, तुम्ही आत गप्पा मारताय." मारते. हमीदभाई आता गल्ल्यावर नुसते बसायला येतात, ते त्याला हाताने गप्प करतात.

ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी सांगितली की दिलीप माझ्याकडे आला तो या दुसऱ्या फोटोबद्दल ऐकूनच.

दिलीप आणि सावंत. नावं मी बदलली आहेत, गावंही इकडची तिकडे केली आहेत. लिहू का म्हणून दोघांना विचारलं होतं. सावंत म्हणाले, "लिवा वहिनी. आमच्या गावात दिवाळी अंक कोण वाचता? आणि वाचलोच तर आजोबाक कोण ओळखतलो?" दिलीपने मात्र छापायच्या आधी वाचायला मागितलं आणि दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं.

सावंत ह्यांच्याच वर्कशॉपमध्ये फोरमन. बायको सुमन आणि मुलगे गावी. दिलीप एका लहान कंपनीत अकाउंटंट, पुण्याचा, लग्न न केलेला. दोघे एका फ्लॅटमध्ये राहायचे. इकडे त्यात कोणाला काही वाटत नाही, एकटे पुरुष खर्च वाचवायला एकत्र राहतातच. दिवाळीला दोघे आमच्याकडे फराळाला यायचे. सावंत चिवडा मागून घ्यायचे आणि दिलीप माझ्या साडीचा पोत सांगायचा. मला तेवढंच दिसत होतं. म्हणजे दिसत सगळं होतं, पण त्याला नाव देण्याची गरज पडली नव्हती. समलिंगी हा शब्द मी ऐकला तो फार उशिरा, टीव्हीवर.

हे गेले तेव्हा दिलीप रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा. एकदा मी रडत होते, तो समोर बसून होता. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला निदान रडता येतंय. सावंत गेला तर मला ऑफिसात रजासुद्धा मागता येणार नाही. कोण गेलं म्हणून सांगू?" मी पदराने तोंड पुसलं. त्याला म्हटलं, डब्यातलं थोडं तूही खा. त्या दिवसापासून आमच्यात ते बोलण्यातलं झालं.

बोलायला लागला की तो खूप बोलायचा. तरुणपणी कसा दिसायचा ते सांगायचा. कुठल्याशा पार्टीत तो आत शिरला की माना वळायच्या. आता त्याच्यासारखीच तरुण पोरं कॉफी शॉपमध्ये बसतात, आणि तो शेजारच्या टेबलावर असला तर खुर्ची मोकळी आहे का एवढंच विचारतात. "बायकांचं पन्नाशीला होतं ना, ते आमच्यात चाळिशीलाच होतं," म्हणायचा. "तुम्हाला निदान कोणी काकू म्हणतं, आजी म्हणतं. आमच्यातल्या म्हाताऱ्याला हाक मारायला शब्दच नाही." केस काळे करायचा, कानाच्या पाळीला नेहमी जरासा डाग राहायचा. मी हसायचे. मग एकदा म्हणाला, म्हातारपणाचा एक फायदा झालाय. पूर्वी रस्त्यावरून चालताना तो आणि सावंत अंतर ठेवून चालायचे. इकडचे अरब पुरुष एकमेकांचा हात धरून फिरतात, त्यांचं कोणाला काही नाही, पण भीती आपल्या लोकांची. "आता सावंत जिना उतरताना माझा हात धरतो, खुशाल, सगळ्या मंडळासमोर. लोक म्हणतात, गुडघे गेले बिचाऱ्याचे."

आणि मग सावंतांचा व्हिसा रिन्यू होणार नाही असं कंपनीने कळवलं. वय झालं. नवीन मॅनेजरला नवीन माणसं हवी होती. शुक्रवारी रात्रीचं तिकीट निघालं. त्या आठवड्यात दिलीप स्टुडिओत आला, गिऱ्हाईक कोणी नाही बघून गल्ल्यापासून लांब उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, आमचा दोघांचा एकही फोटो नाही."

मला खरं वाटेना. मंडळाच्या एवढ्या फोटोंत नाही? तो म्हणाला, आहेत, पण मध्ये नेहमी कोणीतरी आहे. आम्हीच तसे उभे राहायचो. फोनवरही नाही, सावंत काढू द्यायचा नाही, सुट्टीवर गेला की मुलं फोन बघतात. "तुम्ही बायकांचा काढता ना, आयडीनंतरचा, तसा एक काढा. आतल्या खोलीत. दार लावून. तो गेला की मला कळायला तरी हवं की हे सगळं झालं होतं."

मी लगेच हो म्हटलं नाही, हे सांगायला हवं. सुमन माझ्या डोळ्यांसमोर आली. ती एकदाच आली होती बहारीनला, मुलं लहान असताना. मीच तिचा आणि सावंतांचा फोटो काढला होता. नवी साडी, हातावर मेंदी, आणि खुर्चीवर अशी बसली होती की खुर्ची कोणाची तरी उसनी आणलीय. तिने तिकडे सासू-सासऱ्यांचं सगळं केलं, मुलं वाढवली, दर दोन वर्षांनी महिनाभर नवरा बघितला. तिला तरी कोणी बघितलं? दिलीपला मी हे विचारलं. तो म्हणाला, "तिचं देणं आमच्यावर आहेच, वहिनी. ते फोटो न काढल्याने फिटणार असेल तर नका काढू."

त्या फोटोत एक तिसरी खुर्ची हवी होती आणि ती ठेवायला जागा नव्हती, असं मला अजून वाटतं. पण मला नलूताईचा अर्धा अंबाडाही आठवत होता. मी हो म्हटलं.

आता प्रश्न खोलीचा. लेडीज रूममध्ये पुरुष कधीच येत नाही. अनीससुद्धा बल्ब बदलायला येतो तो दुकान बंद झाल्यावर, आणि दार उघडं ठेवून. मी हमीदभाईंना सांगितलं, शुक्रवारी सकाळी दुकान बंद असतं, मला आतली खोली हवी, दोन ओळखीची माणसं आहेत. माणसं म्हणजे पुरुष, हे त्यांना माझ्या आवाजावरून कळलं. कोण, तेही कळलं असावं, दिलीपला त्यांनी गल्ल्यापासून लांब उभं राहिलेलं पाहिलं होतं. ते थोडा वेळ तसबीचे मणी फिरवत राहिले. मग ड्रॉवरमधून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

"भाभी, एसी आधी लावून ठेवा. म्हाताऱ्यांना घाम लवकर येतो, चेहरा चमकतो," म्हणाले. "आणि जुम्म्याच्या नमाजाआधी उरका. मग गल्लीत गर्दी होते."

शुक्रवारी दिलीप वेळेच्या आधी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना ताजा रंग, कानावर डाग. मी ओल्या कापसाने डाग पुसला. आम्ही वाट बघत बसलो. सावंत येतात की नाही याची दिलीपलाच खात्री नव्हती. आदल्या रात्री भांडण झालं होतं. सावंत म्हणाले होते, एवढी वर्षं संभाळलं आणि शेवटच्या दिवशी पुरावा करून ठेवू? दिलीप मला हे सांगत होता आणि सारखा पडद्याकडे बघत होता. एसीचा आवाज तेवढा. मी उगाच दिवे हलवले, थर्माकोल पुसला. बांग व्हायची वेळ जवळ येत चालली. दिलीप उठून म्हणाला, "चला वहिनी, खलास. नाही येत तो." आणि दिवे बंद करायला माझ्याआधी त्यानेच हात पुढे केला.

तेव्हा पुढचं दार वाजलं. सावंत आले. आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये सत्कार झाला होता, तोच शर्ट, खिशाला गुलाबाचा पाकळ्या गळलेला देठ. टेबलाला धरून दम घेतला आणि म्हणाले, "बॅगेचा वजन वीस वेळा करून आलंय. यल्ला, चला, काढा काय काढायचा ता."

मी दोघांना बसवलं. सवयीने दोन खुर्च्या शेजारी, मध्ये वीतभर जागा, हात आपापल्या गुडघ्यांवर. दोन भाऊ, दोन मित्र, दोन पार्टनर आले की आम्ही असंच बसवतो. फोटो घेतला आणि स्क्रीनवर बघितला. दवाखान्यात नंबर यायची वाट बघणारे दोन पेशंट. सावंत उठायला लागले, झालं ना? दिलीपचा चेहरा मी ओळखते. सोडून दिलं की त्याचे गाल आत जातात.

मी म्हटलं, थांबा सावंत. दिलीपची खुर्ची पुढे ओढली, जरा तिरकी केली. सावंतांची तिच्या मागे सरकवली. "तुमचा उजवा खांदा त्याच्या डाव्या खांद्यामागे जाऊ दे. आणखी. आता हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर."

सावंत अर्धे बसले आणि थांबले. "वहिनी," ते हळू म्हणाले, "ही नवरा-बायकोची बैठक आहे. सुमनबरोबर तुम्ही मला असाच बसवलेला."

"हो," मी म्हटलं. "मला दोघांना बसवायच्या दोनच रीती येतात. पहिली चालेना."

सावंत उभे राहिले तर मी काय करणार होते, मला माहीत नाही. दिलीप मागे बघत नव्हता, सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता, मान ताठ. मग सावंत खाली बसले. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर आला. मी विचारलं, सकाळी नाश्त्याला काय केलं होतं? दिलीप म्हणाला, उपमा. सावंत म्हणाले, "मीठ जास्त झाला होता." दिलीप म्हणाला, "तुझ्यामुळे." आणि एवढं बोलताना तो मागे टेकला, त्याला कळलंही नाही. मी बटण दाबलं.

बटण दाबण्यात माझं आयुष्य गेलं. असा फोटो माझ्या हातून फार वेळा आलेला नाही. सावंतांच्या पांढऱ्या केसांवर उजेड, दिलीपच्या गळ्याशी सावली, दोघांच्या सुरकुत्या जिथल्या तिथे. मी कॅमेरा दोघांसमोर धरला. दिलीपने चष्मा लावून बघितला. मला वाटलं, आता म्हणेल, ते गुळगुळीत करायचं बटण दाबा. तो म्हणाला, "याला हात लावू नका."

सावंत कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, हा मला घरी नेता येणार नाही. कुठे ठेवणार? दिलीप म्हणाला, मलाही फ्लॅटवर नको. बॅगेच्या तळाशी ठेवायच्या गोष्टी माझ्याकडे भरपूर आहेत, त्यात आणखी एक कशाला? आम्ही पुढच्या खोलीत आलो. रस्त्याकडच्या काचेत नमुन्याचे फोटो मांडलेले असतात ना प्रत्येक स्टुडिओत, नवऱ्या, बाळं, टाय लावलेली मुलं, तिथे दिलीप थांबला. एका कोपऱ्यात फिकट पडलेला कोणाचा तरी साखरपुडा होता.

"वहिनी, हा काढून तिथे आमचा लावता येईल?"

सावंत भडकले. "खुळो झालंस काय? भर रस्त्यात?"

"अरे, कोण बघतंय आपल्याकडे," दिलीप म्हणाला.

सावंतांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दिलीपही हसला. मी त्या दोघांना तसंच सोडलं आणि आत जाऊन एसी बंद केला. रात्री सावंत गेले. विमानतळावर दिलीप गेला होता, वर्कशॉपमधली आणखीही माणसं होती, त्यामुळे हात मिळवून निरोप झाला.

पुढच्या आठवड्यात फोटो काचेत लागला. गडद लाकडाची फ्रेम घातली. अनीस म्हणाला, "आंटी, ये बुढ्ढे लोग को कौन देखेगा?" आमचा अनीस वाईट नाही, पण धंदा त्याला कळतो. त्याचं म्हणणं खरंच निघालं. महिने गेले. गिऱ्हाइकं काचेसमोर थांबायची, बोट दाखवायची, "ही फ्रेम केवढ्याची?" त्या फ्रेमचा चांगला खप झाला. मंडळाचे लोक आले, दोघांना ओळखणारे. एकाने तर फोटोसमोर उभं राहून मला विचारलं, सावंत गेले का हो गावाला? समोरच्या फोटोकडे पाहिलंही नाही. दिलीप आठवड्यातून एकदा संध्याकाळी यायचा, काचेबाहेर गाडीची वाट बघितल्यासारखा उभा राहायचा आणि मग आत येऊन विचारायचा, "कोणी काही?" मी म्हणायचे, मफी, काही नाही. तो म्हणायचा, सांगितलं होतं ना. त्याच्या ऑफिसने आता त्याला मागच्या केबिनमध्ये बसवलं होतं, टेबलावरचा फोनही काढून घेतला होता. त्याचं हसणं मला दर आठवड्याला जरा बारीक झालेलं वाटायचं. आधी वाटलं होतं, कोणी बघत नाही यात सुख आहे. पण रोज काचेत बसायचं आणि रोज कोणीच बघायचं नाही, हे सोपं नाही. मी फोटो काढून ठेवू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला.

मग उम्म खालिद आल्या. मआमीर गावच्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आयडी कार्डासाठी दर वेळी माझ्याकडेच येतात. माझं अरबी तोडकं, त्यांचं हिंदी त्याहून तोडकं, पण आमचं चालतं. त्या दिवशी मुलगा गाडी लावायला गेला होता, आणि त्या काचेसमोर उभ्या होत्या. मी दार उघडलं तरी हलल्या नाहीत. बोटाने दाखवून म्हणाल्या, हे कोण?

मी म्हटलं, सदीक. दोस्त आहेत.

त्यांनी परत बघितलं. मग मान हलवली. "मफी सदीक," म्हणाल्या.

एवढे महिने ज्या काचेला कोणी विचारलं नाही, तिथे आज कोणीतरी थांबलं होतं, आणि बाजूने लोक जात होते. मी त्यांना आत या म्हटलं. त्या आल्या, लेडीज रूममध्ये बसल्या, पिना एकेक करून माझ्या हातात दिल्या. मग आपल्या मोडक्या हिंदीत सावकाश जे सांगितलं ते असं. पुढचा मागच्यावर टेकलाय, आणि त्याला कळत नाहीये की तो टेकलाय. माझा नवरा जेवल्यावर माझ्यावर असाच टेकायचा. दोस्त असे टेकत नाहीत.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझा हात थोपटला. "राहू दे तिथेच. ज़ैन आहे, चांगला आहे," म्हणाल्या. मग पांढऱ्या वेणीवरून हात फिरवून ताठ बसल्या. "आता मला बघ."

त्या संध्याकाळी दिलीप आला. काचेबाहेर उभा राहिला, आत आला, नेहमीसारखं विचारलं, कोणी काही? मी त्याला हमीदभाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. आधी त्याचा रंग उडाला. कोण होती, कोणाला सांगेल का, मुलगा बरोबर होता का, सगळं विचारून झालं. मग गालांवरून हात फिरवला.

"काय म्हणाली ती? टेकण्याचं? परत सांगा."

मी परत सांगितलं.

त्याने फोन काढला. सावंत तेव्हा गावी जेवत असतील, तिकडे रात्र झालेली. पलीकडून भांड्यांचा आवाज, कोणाची तरी हाक, आणि मग सावंतांचा आवाज, काय रे? दिलीपला बोलता येईना. त्याने फोन माझ्या हातात दिला.

"वहिनी," तो म्हणाला, "त्याला तुम्ही सांगा."